रसिकाच्या खोलीचं दार

डोंबिवली पूर्व
१७ नोव्हेंबर २०२४

वन्सं,

तुला वन्सं म्हटलेलं आवडत नाही, म्हणूनच म्हटलं. "नणंद असले तरी मान वगैरे द्यायचा नाही, नुसतं रसिका म्हणायचं," असं माझ्या लग्नाच्या मांडवातच तू मला बजावलं होतंस. तेव्हापासून मी रागावले की तेवढ्यापुरती तू वन्सं होतेस. तर मी अजून रागावलेली आहे, हे पहिल्या ओळीतच कळलेलं बरं.

फोन तू उचलत नाहीस. म्हणून काल पाकीट आणायला पोस्टात गेले. खिडकीतल्या मुलीनं विचारलं, "कुठे पाठवायचंय आजी?" म्हटलं, माजिवड्याला. ती हसली. "इथे ठाण्यालाच? मग जाऊनच या ना!" म्हटलं, बाई गं, तू पाकीट दे. गेल्या वर्षी तू बॅग भरून गेलीस तेव्हा पत्ता तेवढा कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला होतास. तो लिहिलास याचा अर्थ काय घ्यायचा, हे मी अजून ठरवलेलं नाही.

बातमी अशी की सोसायटीची सभा झाली आणि चारही बिल्डिंगी पाडायचं नक्की झालं. मे अखेर घरं रिकामी करायची. मधली बाग त्याच्या आधीच जाणार, कारण सामान उतरवायला जागा लागते. तू गेलीस तेव्हा अर्ध्या बागेवर गाड्यांसाठी फरशा बसल्या होत्या. आता वाफे राहिलेत ते तळमजल्यावरच्या बायजाचे मिरचीचे दोन, पंपाच्या खोलीजवळचा गवती चहा आणि आपला अळू. अळूला कोणी पाणी घालत नाही, तरी तो येतो. तुझ्या दादानं लावलेली गोष्ट आहे, ऐकतेय कुणाचं!

विनीत सेक्रेटरी झालाय. सही घ्यायला वर आला तर हॉलभर जमिनीवर आडवं पडलेलं तुझ्या खोलीचं दार बघून चक्रावलाच. "काकू, हे दार आहे की चित्र?" म्हटलं, दोन्ही. तुला माहीत असलेलंच त्याला सगळं सांगितलं. दार पावसाळ्यात फुगलं, बसेना, म्हणून उतरवलं. ते टाकून द्यायच्या ऐवजी मी त्याच्यावर तुझ्या फोटोवरून बाग कोरायला घेतली, कारण शाळेतून रिटायर झालेल्या ड्रॉइंगच्या बाईला आणि स्टुडिओ बंद केलेल्या फोटोग्राफरला घरात बसून दुसरा उद्योग नव्हता. एकच लाकूड. आधी पिवळा रंग लावून तो कागदांवर उमटवायचा. मग जे पिवळंच राहायला हवं तेवढं लाकडातून कोरून काढायचं आणि त्याच कागदांवर, त्याच जागी, हिरवा छापायचा. मग जे हिरवं राहायला हवं ते कोरून काढायचं आणि शेवटी काळा. लाकूड दर वेळी कमी होत जातं. पोरगा हुशार आहे. म्हणाला, "म्हणजे काकू, रीटेक नाही." म्हटलं, नाही.

मग त्यानं विचारलं, "पिवळा झाला, मग हिरवा का नाही केला? आणि या बाकावर एवढा मोठा खड्डा कसला?"

मी चादर ओढून घेतली आणि सही कुठे करायची ते विचारलं.

दार तुझ्या खोलीचं, म्हणून विचारते. घर रिकामं करताना त्याचं काय करू? दोन ओळी लिही. फोटो तुझ्याकडे आहेत आणि कागद माझ्याकडे, असं किती दिवस चालायचं?

नंदा


१२ जानेवारी २०२५

वन्सं,

उत्तर आलं नाही. ठीक आहे. मला शाळेत चाळीस पोरांचं मौन ऐकायची सवय होती, तुझं एकटीचं काय.

संक्रांतीचे तीळ भाजताना घर एवढं शांत होतं की तीळ तडतडलेले हॉलपर्यंत ऐकू गेले असते, पण हॉलमध्ये ऐकायला कोण होतं? पूर्वी तू तिथून ओरडायचीस, "वहिनी, करपले!" एकदाही करपलेले नसायचे. या वेळी खरंच करपले.

त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललोच नाही. तू बॅग भरत होतीस आणि मी भांडी घासत होते, त्यातच सगळं उरकलं. म्हणून आता लिहिते. तू वाचू नकोस वाटलं तर.

आपलं ठरलेलं होतं. फोटो तुझे, कोरणं माझं. पंपाच्या खोलीच्या पायरीवर उभं राहून, नेहमी त्याच जागेवरून, बाग जशी असेल तशी तू टिपायचीस, आणि तो फोटो मी उलटा करून दारावर उतरवायचे. तुझ्या कॅमेऱ्याला मी धूळ पुसायलासुद्धा कधी हात लावला नाही. पहिल्या फोटोत तुझा दादा बाकावर बसलाय. मांडीवर अळूची पानं, देठ सोलत. त्याला माहीतसुद्धा नव्हतं तू फोटो काढतेयस. तो फोटो मी दारावर उतरवला. त्याच्या बनियनच्या कडा कोरल्या, केसांच्या चार रेघा कोरल्या, आणि तुझ्याबरोबर कागद धरून पिवळा छापला. तुझा दादा छापलेला कागद बघून म्हणाला, "मला कावीळ झालीय का?" तीन महिन्यांनी तो गेला.

दुसरा फोटो तू काढलास तेव्हा बाक रिकामा होता. तू म्हणालीस, वहिनी, आता हिरव्याच्या आधी दादाला कोरून घे. मी म्हटलं, उद्या. मग म्हटलं, दिवाळीनंतर. तू समजावलंस. फरशा कोरून झाल्या, बायजाची टोपली कोरून झाली, सगळं झालं, तुझ्या दादाजवळ घोडं अडलं. कोरलं असतं तर तो लाकडातून गेला असता. येता-जाता माझी बोटं त्या केसांच्या रेघांवरून फिरायची, हे तुला दिसत नव्हतं असं नाही.

आणि मी बँकेतून घरी आले तर तू सुपलीत ढलप्या भरत होतीस. बाकावर खड्डा. कोरणी माझी, हात तुझा. "वहिनी, तुझ्यानं झालं नसतं," एवढंच म्हणालीस. मी काय काय बोलले ते दोघींनाही पाठ आहे, पुन्हा लिहीत नाही. तू तडक तुझ्या खोलीत गेलीस, आणि तिथे आपटायला दार नव्हतं. पडदा होता. तू तो एवढ्या जोरात ओढलास की रॉडसकट खाली आला. रसिका, त्या क्षणी मला हसू आलं होतं. तू हसली असतीस तर तिथेच मिटलं असतं.

तू विचारायला हवं होतंस. माझं म्हणणं अजून तेच आहे.

नंदा


२ मार्च २०२५

रसिका,

काल मी एकटीनं हिरवा छापला.

का, ते सांगते. कळव्यात भाड्याची जागा बघून आले. खाडीच्या अलीकडे, तुझ्या जुन्या स्टुडिओपासून दोन गल्ल्या सोडून. घरी आले आणि काय काय न्यायचं ते बघायला लागले. तुझ्या दादाचे शर्ट देऊन टाकायचं ठरवलं, ते जमलं. त्याची अळू चिरायची विळी पण बायजाला दिली. दाराजवळ आले आणि वाटलं, हे असं अर्धवट घेऊन तिथे जाऊन रोज बघत बसायचं का? त्यापेक्षा छापून टाकू. बिघडलं तर बिघडलं, बघायला कोण आहे.

फजिती ऐक. एवढा लांब कागद एकटीला धरता येत नाही, हे मला कळत होतं. म्हणून एक टोक कपडे वाळत घालायच्या काठीला चिमट्यांनी अडकवलं आणि दुसरं हातात धरलं. खुणांना खूण लावून हळूच सोडायला गेले तर पंखा चालू राहिलेला. चिमटे सुटले, कागद शिडासारखा फुगला आणि शाईवर तिरपा जाऊन पडला. उचलला तर बायजाची मिरची सगळी फरशांवर, आणि माझ्या गाऊनवर पुढून हिरवी बाग. पहिला कागद गेला. दुसराही गेला, तो माझ्या घाईनं. मग पंखा बंद केला, खुर्च्यांच्या पाठींवर कागद टेकवला आणि वितीवितीनं खाली सोडत गेले. घाम नाकावरून टपकू नये म्हणून कपाळाला रुमाल बांधला होता. पायमोजे घालून कागदावर आपण चालायचो तशी चालले, मग गुडघ्यांवर बसून स्टीलच्या वाटीनं घासत राहिले. पाठ मोडून आली.

उचलला. सगळी बाग हिरवी झाली होती. फरशांच्या फटी, मिरचीचे वाफे, रिकामा बाक, सगळं हिरव्याखाली गेलं होतं. आणि तुझा दादा पिवळाच होता. बाकावर बसून अळू सोलत होता.

मी तिथेच जमिनीवर बसले. किती वेळ रडले ते सांगत नाही.

जे कोरून काढलं तेच कागदावर राहतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. जन्मभर पोरांना फळ्यावर काढून समजावलंय. तुला तर मीच शिकवलं. माझा हट्ट चालला असता आणि तो तसाच लाकडात राहिला असता, तर काल मी स्वतःच्या हातानं रोलर फिरवून त्याला हिरवा करून टाकला असता. मग काळा. मग तो कुठे होता हेसुद्धा कळलं नसतं.

तू बरोबर होतीस असं मी लिहिणार नाही. तू विचारायला हवं होतंस. पण विचारलं असतंस तर मी नाहीच म्हटलं असतं, हेही मला काल कळलं. आता या दोन्हींचा हिशेब तूच लाव, मला जमत नाही.

पाच कागद निघाले, थोडे हललेले, पण चालतील. आता फक्त काळा राहिला. त्याला तुझा फोटो लागेल. बाग आत्ता जशी आहे तशी, पंपाच्या पायरीवरून. मी मोबाइलवर काढून बघितला, पण माझ्या फोटोत सगळं दिसतं आणि काहीच दिसत नाही. मेच्या मध्यावर बागेवर पत्रे लागणार आहेत. तोवर ये. माझ्याशी बोलायला नको. फोटो काढ आणि जा.

मला फार एकटं वाटतं गं. हे लिहायचं नव्हतं.

नंदा वहिनी


२७ एप्रिल २०२५

रसिका,

पाकीट मिळालं. आत एक ओळ नाही, चिठ्ठी नाही, नुसता फोटो. मी पाकीट फाडून उलटं करून झटकलं, तुला माझी सवय माहीत आहे.

म्हणजे तू आलीस. माझ्या खिडकीखाली उभी राहिलीस, काम केलंस आणि परत गेलीस! मी वर होते. बहुतेक पोहे करत होते, कारण फोटोत सकाळ आहे. दोन जिने चढायला काय झालं होतं? मी लिहिलं होतं बोलू नकोस म्हणून, पण असलं लिहिलेलं कोणी खरं धरतं का? मी लगेच खाली जाऊन बायजाला विचारलं. तिला तर सगळं माहीत! म्हणाली, "तुमची नणंद आलती ना सकाली. बाकावर बसली, वर तुमच्या खिरकीकरं बगत व्हती. मी बोलले, वर जा ना बाय. नको बोलली. मंग डोले पुसले आन फोटू काढला." मला का नाही सांगितलंस, म्हटलं. तर म्हणते, "तुमचा घरचा मामला, मी कशाला बोलू?" एरवी माझ्या घरात कोणती भाजी झाली ते गल्लीला सांगते.

संध्याकाळी दिवा लावल्यावर फोटो नीट बघितला. आधी रागच आला होता, त्यामुळे दिसलं नव्हतं.

स्वतःची सावली फोटोत आली तर तो फोटो फाडून टाकावा, असं तुझं मत. त्या पायरीवर तू सकाळी कधी उभीच राहिली नाहीस, कारण सकाळचं ऊन तिथे पाठीमागून येतं. नेहमी दुपार टळल्यावर. तुझ्या दादानं एकदा सकाळीच काढ म्हणून घाई केली तर त्याला तू केवढं झापलं होतंस. इतक्या वर्षांच्या बागेच्या एकाही फोटोत तू नाहीस. बायजा आहे, विनीतची स्कूटर आहे, कुणाचं तरी वाळत घातलेलं पांघरूण आहे, तू नाहीस. आणि या फोटोत तुझी सावली पायरीवरून निघून फरशांवरून, उपटलेल्या वाफ्यावरून थेट बाकापर्यंत गेलीय. तुझं डोकं बाकाच्या पाठीवर टेकलंय. बरोबर तुझा दादा बसायचा त्याच्या शेजारी.

ही चूक तू करणार नाहीस. चाळीस वर्षं फोटो काढणारी बाई ही चूक करत नाही.

आजपासून कोरायला घेतलंय. हिरवं राहायचं ते सगळं काढतेय. अळू काढला, गवती चहा काढला. काळ्यासाठी लाकडात फार थोडं उरणार आहे. बाकाचे पाय, गाड्यांची चाकं, फरशांमधल्या रेघा, आणि तू. तुझ्या कडेनं कोरताना हात अगदी सावकाश चालवते, कारण सावलीला नाक नसलं तरी ती तुझी आहे हे कळलं पाहिजे. अंबाडा येतोय बरोबर. खांदा जरा जास्त उतरता झाला होता, मग फोटो पुन्हा पाहिला, तर तो खरंच उतरलाय. तू बारीक झालीयस का?

काळा मी एकटी छापणार नाही. हिरवा हलला तर पानं हलल्यासारखी दिसतात, खपून जातं. काळा हलला तर तू तुझ्या दादाच्या अंगावर जाऊन पडशील. दोन्ही टोकं कुणीतरी धरायला हवीत आणि या घरात मी एकटी आहे.

११ मेला, रविवारी, आठ वाजता मी शाई लावीन. उन्हाळ्यात ती किती लवकर वाळते हे तुला सांगायला नको. जिना चढायचा आहे, हे लक्षात ठेव.

वहिनी


कळवा
१५ जून २०२५

प्रिय रसिका,

नव्या घरातलं पहिलं पत्र तुलाच. आता तुझा फोन लागतो, तरीही लिहिते. फोनवर आपण दोघी पाण्याच्या टाकीबद्दल आणि गुडघ्यांबद्दल बोलतो आणि ठेवतो.

त्या रविवारी मी आठला शाई लावली. सव्वाआठला जिन्यात तुझी पावलं वाजली, मी ओळखली, आणि मुद्दाम पाठ करून उभी राहिले. तू चपला काढल्यास, हात धुतलेस, कागदाचं टोक धरलंस. सकाळभरात तू बोललीस ते एवढंच: "वहिनी, डावीकडे. अजून. सोड." मी सोडला. पाचातले दोन बरोबर खुणेवर बसले. त्यातला पहिला उचलला तेव्हा तू तुझ्या दादाकडे बघत होतीस आणि मी तुझ्या सावलीकडे. पिवळा, काळी, शेजारी शेजारी. मग तू चहा केलास आणि त्यात साखर विसरलीस, आणि मी तो तसाच प्यायले. एक कागद माझ्या जुन्या सुती साडीत गुंडाळून तू नेलास. थांब म्हणायचं माझ्या ओठांवर होतं. तू रिक्षा बोलावली होतीस.

तीन दिवसांनी बागेवर पत्रे लागले. बायजानं अळूचे कंद आदल्या दिवशी उपटून मला आणून दिले. इथे गॅलरीत बादलीत लावलेत. एक पान आलंय, सुरळी अजून उलगडायची आहे. भिंतीवर चित्र लावलंय. सामान उचलणाऱ्यांनी "हे कुणाचं?" विचारलं, तर म्हटलं, बाग आहे. त्यांना त्यात गाड्यांची चाकं दिसली. बरोबर आहे, तीही आहेत.

संध्याकाळी इथे खाडीवरून वारा येतो आणि शेजारच्यांचा टीव्ही ऐकू येतो. त्यांच्या मालिकेतली माणसं कोण कोणाचं ते मला पाठ झालंय, अजून एकही चेहरा पाहिलेला नाही. जेवायला मी एकच ताट घेते आणि हाताला सवयीनं दोन वाट्या येतात. तुला दया यावी म्हणून नाही लिहीत. थोडी यावी म्हणून लिहिते.

दाराचं विचारलं होतं मी तुला नोव्हेंबरात. तू काही कळवलं नाहीस, तेव्हा मीच ठरवलं. इथे आतल्या खोलीला घरमालकानं दार बसवलेलंच नव्हतं, चौकट होती आणि पडदा. धाकू सुतार म्हणाला, "बाई, एवढं कोरून खाल्लेलं दार कुठे लावता? नवं घ्या." मी ऐकलं नाही. त्यानं कडा तासून बसवलं. कोरलेली बाजू खोलीच्या आत आली आहे. आडवं चित्र उभं झालंय, त्यामुळे बाक भिंतीवर चढल्यासारखा दिसतो आणि तुझ्या दादाची जागा आडवी झालीय. दुपारी जेवून तो असाच पडायचा. हात लावला तर खड्डा लागतो, आणि त्याच्या वर काळी, उंच, तुझ्या डोक्याची कड. मी रोज लावते.

खोलीत पलंग टाकलाय, खिडकी उत्तरेला आहे, तुला लागतो तसला उजेड येतो. माजिवड्याची जागा सोड असं मी म्हणत नाही. चार दिवस ये. भांडण होईल, ते आपल्याला चुकणार नाही, पण या खेपेला खोलीला दार आहे. मी लावून पाहिलंय, नीट बसतं, आणि आपटलं तर मोठा आवाज होतो.

तुझी
वहिनी